सबक आणि पोर्शन

दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्या मुलीच्या फोनवर शाळेचा एक कागद येतो. त्याला वीकली प्लॅनर म्हणतात. नात पहिलीत आहे, इंग्रजी माध्यमात. पुढच्या सहा दिवसांत तिला काय काय येणार आहे ते त्या कागदावर आधीच छापलेलं असतं. इंग्रजीचा चौथा धडा आणि त्याची प्रश्नोत्तरं, गणितात पन्नासपासून उलटे आकडे, परिसर अभ्यासात 'पार्ट्स ऑफ अ प्लांट', मराठीत उकार. बुधवारी डिक्टेशन, शनिवारी रेसिटेशन. कागद आला की आमच्या घरात पळापळ सुरू होते, कारण मागच्या शुक्रवारच्या कागदातलं निम्मं अजून व्हायचं असतं.

त्या झाडाच्या आठवड्यातली गोष्ट. पोरीनं रूट, स्टेम, लीफ, फ्लॉवर असं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, स्पेलिंगसकट. मला कौतुक वाटलं. तिला हाताला धरून परसात नेलं. तिथं कढीपत्त्याचं झाड आहे, तिच्या आईच्या वयाचं. म्हटलं, "दिखा, इसमें स्टेम कां है?" ती झाडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. शेवटी म्हणाली, "वो किताब में है, नानी."

पोरीला दहापैकी दहा मिळाले. पुढच्या शुक्रवारी प्राण्यांचा कागद आला.

मी हे हसून सोडून दिलं असतं. पण मी स्वतः एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवलं आहे आणि असे कागद मीही लिहिले आहेत. आमच्याकडे त्याला टाचण म्हणायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पुढच्या आठवड्याचं टाचण लिहून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचं. घटक, उपघटक, उद्दिष्ट, साहित्य, मूल्यमापन. केंद्रप्रमुख यायचे ते आधी टाचण वही मागायचे. वर्गात बसून एखाद्या पोराला "बाळ, हे वाच बरं" असं म्हणणारे केंद्रप्रमुख मला एकतीस वर्षांत दोन भेटले. दोघांची नावं अजून लक्षात आहेत, यावरूनच काय ते समजा.

टाचणात एक रकाना शेरा लिहायचा असायचा. तिथं मी 'घटक पूर्ण' असं लिहायचे. माझ्याकडून घटक पूर्ण झालेला असायचा हे खरंच होतं. मी शिकवलेलं असायचं. समोरच्याला आलं का, यासाठी रकाना नव्हता.

तिसरीत माझ्याकडे एक बागवानाचा मुलगा होता. बाजारच्या दिवशी बापाबरोबर गाड्यावर उभा राहायचा. पावणेदोन किलो सीताफळाचे पैसे तोंडी सांगायचा, गिऱ्हाईक अडाणी आहे की हुशार हे चेहऱ्यावरून ओळखायचा. वाचायला मात्र येत नव्हतं. जोडाक्षर आलं की थांबायचा आणि शेजारच्याच्या ओठांकडे बघून पुढचं म्हणायचा. मला ते दिसत होतं. सत्तेचाळीस पोरं होती, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब होता, मतदार यादीचं काम होतं, आणि पुढच्या सोमवारी पुढचा घटक होता. मी पुढे गेले. त्याच्या नावापुढेही 'घटक पूर्ण' असंच झालं. सहावीतून तो गॅरेजवर गेला. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, माणूस चांगला आहे, ईदला न चुकता फोन करतो. मी काही लिहून पाठवलं की त्याचा आवाज येतो: "बाई, लिहू नका, बोलून पाठवा."

तर मी कुणा त्रयस्थाची तक्रार करायला बसलेली नाही. माझा आक्षेप ज्या गोष्टीवर आहे ती मी स्वतः केली आहे. लहान मुलाला आठवड्याच्या पट्ट्यावर बसवायचं, पट्टा पुढे सरकला की मूल शिकलं असं समजायचं, आणि पट्ट्यावरून पोर खाली पडलं तर त्याचं डोकं कमजोर म्हणायचं, हा धंदा आपण बंद केला पाहिजे. 'आपण' म्हणताना सरकार, शाळा आणि आई-बाप तिघंही त्यात आले. आणि आपल्या मोहल्ल्यापुरतं सांगायचं तर याला आपल्याकडे निमित्तही कमी आहे. कारण दुसरी पद्धत आपल्या घरापासून पन्नास पावलांवर रोज चालू आहे.

मक्तबात बघा. पोर पाच वर्षांचं झालं की कायदा हातात येतो. वीस पोरं एका चटईवर बसलेली असतात, पण वीस पोरांचे वीस सबक असतात. एक अजून सुट्या हरफांवर आहे, एक जेर-जबरवर, एक अम्मपाऱ्यात, एक सातव्या पाऱ्यात. मौलानासाहेबांकडे एकेक पोर येतं, आपला सबक ऐकवतं. आला तर पुढचा सबक. नाही आला तर तोच, उद्या पुन्हा. आणि पुढं गेलेल्यालाही मागचं परत ऐकवावं लागतं, त्याला आमुख्ता म्हणतात. "या आठवड्यात सगळ्यांचा तिसरा पारा व्हायलाच हवा" असा कागद कोणत्याही मक्तबातून निघत नाही. निघाला तर गल्लीतले बुजुर्ग मौलानांना विचारायला जातील की हा काय प्रकार आहे, पोराची जबान अजून साफ नाही आणि तुम्ही पुढं ढकलताय कशाला?

हेच बुजुर्ग, हेच वालिद, शाळेच्या पालक सभेत मात्र एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, पोर्शन कुठपर्यंत आला?"

मक्तबची मी आरती ओवाळत नाही. छडी तिथंही होती, काही ठिकाणी अजून आहे, आणि ती गेली पाहिजे. आणखी एक गोष्ट तिथं आहे, जी सांगितली की काही लोक नाराज होतात. मक्तबात मूल अक्षर ओळखून आवाज काढायला शिकतं, अर्थ शिकत नाही. नाजिरा तिलावतीचं इबादत म्हणून जे स्थान आहे त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझ्या दोन्ही मुलांची आमीन मी शिरखुर्मा वाटून केली आहे. पण त्यामुळे आपल्या घरांतून एक सवय पडली की पोरानं न अडखळता आवाज काढला म्हणजे त्याला वाचता आलं. ही सवय आपण जशीच्या तशी शाळेत नेली. इंग्रजीचं पान पोरगी घडाघडा म्हणते, आपण खुश होतो. पानातला एक शब्द बोटाखाली धरून "हा कोणता?" विचारलं की ती पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करते, कारण तिनं पान पाठ केलेलं असतं. म्हणजे मक्तबातलं जे शाळेत न्यायला हवं होतं, प्रत्येकाचा सबक वेगळा असण्याचं, ते आपण दारात सोडलं. आणि अर्थावाचून आवाज तेवढा आत नेला.

भाषेचंही असंच. २०२५च्या एप्रिलात शासनानं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणली, जूनमध्ये तो निर्णय थोडा बदलला, आणि २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. ते तीन महिने महाराष्ट्र पेटला होता. सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषांचं ओझं कसं टाकता, असं सगळे विचारत होते. प्रश्न बरोबर होता, मीही विचारला. पण त्या गदारोळात आमच्या गल्लीतल्या पोराकडे कुणी पाहिलं असतं तर? ते घरात दखनी बोलतं, गल्लीत आणि दुकानात मराठी, शाळेत इंग्रजी किंवा उर्दू, मक्तबात अरबी. उर्दू शाळेत असेल तर उर्दूबरोबर मराठी आणि इंग्रजीही पहिलीपासूनच, कारण इंग्रजी २००० सालीच राज्यातल्या सगळ्या माध्यमांत पहिलीपासून आली. दोन लिप्या उजवीकडून डावीकडे, दोन डावीकडून उजवीकडे. उर्दूचं एकेक अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. आणि हे सगळं सोमवार ते शनिवार, एकाच सहा वर्षांच्या डोक्यात, प्रत्येक विषयाचा आपापला पोर्शन घेऊन.

पोरं भाषा पटापट उचलतात, असं मला लोक सांगतात. बोलायला उचलतात, हे खरं आहे. आमच्या गल्लीत चार वर्षांचं पोर अम्मीशी दखनीत रडतं आणि किराणा दुकानदाराशी मराठीत भांडतं. वाचणं तसं उचललं जात नाही. ते बसून, एकाच लिपीत, ओळखीच्या भाषेत, सावकाश शिकवावं लागतं. काळ्या रेघांमधून आपल्याच तोंडातला शब्द बाहेर येतो हे ज्या दिवशी पोराला कळतं, तो दिवस एकदाच येतो. एकदा आला की पुढची लिपी अर्ध्या कष्टात येते. आपण तो दिवस कोणत्याच भाषेत येऊ देत नाही, कारण चारही भाषांचे आठवडे एकाच वेळी पळत असतात.

मग तो दिवस कोणत्या भाषेत आणायचा? माझं उत्तर मी लपवत नाही: आमच्या भागातल्या पोरांसाठी मराठीत. देवनागरीत जसं बोलतो जवळपास तसं लिहिलेलं असतं, दुकानांच्या पाट्या मराठीत आहेत, एसटीची पाटी मराठीत आहे, आणि दखनी बोलणाऱ्या पोराला 'नक्को' आणि 'नको' यांतलं नातं सांगावं लागत नाही. ज्या घरात खरोखर उर्दू बोलली जाते, तिथं उर्दूत आणा, माझी ना नाही. पण उर्दू वाचवा म्हणून स्टेजवरून भाषण करायचं आणि स्वतःच्या पोराला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवायचं, हे करणारे सज्जन प्रत्येक शहरात आहेत. उर्दू शाळेत उरतात ती मजुरांची, हमालांची, बागवानांची पोरं. भाषेचं ओझं त्यांनी वाहायचं आणि सत्कार यांनी घ्यायचे.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. माझी नात इंग्रजीतच शिकते आहे, आणि घरातल्या त्या निर्णयात मी हरले. म्हणणं एवढंच आहे की ज्या भाषेत तिला झाड ओळखता येत नाही त्या भाषेत तिला झाडाचे भाग पाठ करायला लावणं म्हणजे शिकवणं नव्हे.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू, कारण "पोर्शन पूर्ण करणं बंधनकारक आहे" हे वाक्य शिक्षक फार लवकर पुढं करतात. मीही करायचे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करावा, हे त्यात आहे. पण त्याच्या लगेच खाली, पुढच्याच ओळीत, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवावं, हेही आहे. पहिली ओळ आम्हाला तोंडपाठ. दुसरी ओळ दाखवून कुणी जाब विचारला नाही, म्हणून ती आम्ही वाचलीच नाही. तोच कायदा पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास सांगतो. म्हणजे दिवसाला चार तास, आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर तेहतीस-चौतीस आठवडे. त्या चार तासांतला अर्धा तास, फक्त अर्धा, मुलाला त्याच्या सबकावर भेटण्यासाठी काढता येणार नाही असं मला कुणी सांगू नये. मी काढला नाही, हे खरं. काढता आला नसता, हे खरं नाही.

आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांबद्दल तर काय बोलावं! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळलं. म्हणजे आपल्या संस्थांना वाव होता. आपली पोरं कशी शिकतात हे आपल्याला ठाऊक आहे, तसं वेळापत्रक करू, सबकाची रीत वर्गात आणू, असं म्हणायला कुणाची आडकाठी होती? आपण काय केलं? गेटवर मोठी कमान बांधली, टाय बदलला, स्मार्ट बोर्ड लावला, आणि तोच पोर्शन त्याच वेगानं सुरू ठेवला. गॅदरिंगला प्रमुख पाहुणे उठतात आणि भाषणाची सुरुवात 'इक्रा'नं करतात. पहिला हुकूम वाचण्याचा होता, ज्या कौमला असा हुकूम झाला ती मागे का, वगैरे. टाळ्या पडतात. मी अशा डझनभर गॅदरिंगला बसले आहे. भाषण संपल्यावर समोरच्या तिसरीच्या रांगेतल्या कुठल्याही दोन पोरांना उठवून एक अनोळखी परिच्छेद वाचायला द्यावा असं एकाही पाहुण्याला सुचलं नाही.

सुचलं असतं तर काय दिसलं असतं, याचा अंदाज 'असर'च्या अहवालातून येतो. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं देशभरात २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा आहे, मान्य. पण उरलेली पाऊणशेहून जास्त टक्के पोरंही तिसरीच्या वर्गात बसून तिसरीचाच पोर्शन 'पूर्ण' करत होती ना? हे आकडे सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचे आहेत. म्हणून इतर वाचकांनाही सांगते, हा फक्त आमच्या मोहल्ल्याचा रोग समजू नका. आणि आमची पोरं मदरशांत अडकली आहेत म्हणून मागे आहेत, ही समजूतही सोडा. सच्चर समितीनं २००६ सालीच सांगितलं की शाळकरी वयातली तीन-चार टक्केच मुस्लिम मुलं मदरशांत जातात. बाकीची तुमच्या मुलांच्याच शाळांत आहेत, किंवा होती. सहा ते चौदा वयाची चौथा हिस्सा मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा शाळा सोडून गेली, हेही त्याच अहवालात आहे. गॅरेजवर गेलेलं माझं पोर त्याच हिश्शातलं.

चांगलं काही घडलंच नाही असं नाही. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि मग कोसबाडला दाखवून दिलं की गुरं राखणारं आदिवासी पोर शाळेत येत नसेल तर शाळा कुरणावर न्यायची. तिला कुरणशाळा म्हणायचे. पोर जिथं आहे तिथं आधी पोचायचं. अलीकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांचा बोलबाला झाला, आम्हीही एसटी करून पाहायला गेलो होतो. पोरं जमिनीवर बसून आपापल्या गतीनं गणितं मांडत होती, बाई एकेकाजवळ जात होत्या. मला चटकन मक्तबची चटई आठवली. परत आल्यावर आमच्या तालुक्यात काय झालं? पंधरा दिवसांत सगळ्या शाळांच्या फरशा रंगल्या. गोल, चौकोन, बाराखडी, सापशिडी. ऑइलपेंटचा खर्च लोकवर्गणीतून. त्या रंगीत फरशीवर पोरांना रांगेत बसवून आम्ही सोमवारचा घटक सोमवारी घेतला.

पालकांना मी काय सांगू? आई-बापांचं चुकतं, पण मुद्दाम नाही. वह्या भरलेल्या दिसल्या की फी वसूल झाल्यासारखं वाटतं. मी फक्त एवढंच सुचवते. पुढच्या पालक सभेला जाताना घरातलं एखादं जुनं मासिक किंवा औषधाच्या दुकानाची पिशवी घेऊन जा. शाळेनं कधी न दाखवलेलं काहीही चालेल. मॅडमसमोर पोराला त्यातल्या दोन ओळी वाचायला सांगा, आणि मग "म्हणजे काय रे?" असं त्याच्याच बोलीत विचारा. अडलं तर पोराला दटावू नका, मॅडमनाही नको. फक्त विचारा, याचा सबक आज कुठं आहे? पोर्शन कुठं आहे ते विचारू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांच्या असतात, कायद्यानं. आपल्याकडे त्या सह्यांपुरत्या वापरतात. प्रोसिडिंगवर सही करण्याआधी हाच प्रश्न त्यात लिहून घ्या.

माझ्याकडून मी एक केलं आहे. आमच्या गल्लीतल्या मशिदीच्या कमिटीला अर्ज दिला: मक्तब सुटल्यावर असर आणि मगरिबच्या मध्ये अर्धा तास ती चटई मला द्या. पहिली ते चौथीची पोरं, मुली-मुलगे दोन्ही, मराठी वाचन. एकेकाचा सबक, कुणाला कुणाबरोबर पळवायचं नाही, मागचा आमुख्ता रोज. फी नाही, छडी नाही. मौलानासाहेब लगेच हो म्हणाले, त्यांना ही रीत समजावून सांगावी लागली नाही. कमिटीतल्या एका साहेबांनी मात्र अर्ज बाजूला ठेवला आहे. ते म्हणाले, आपा, कल्पना चांगली आहे, पण त्या वेळेत पोरांच्या ट्यूशन असतात. शाळेचा पोर्शन राहिलेला असतो ना.